बाबांचं नाव

वर्ध्याहून गाडी सुटली तेव्हा बाबा स्टेशनवर नव्हते. घरच्या दारातच म्हणाले होते, "कोणी विचारलं तर बाप मेला म्हणून सांगजो, पोरी." महारोगाने त्यांची बोटं वाकली होती. माझ्या नोकरीला, लग्नाला त्याची झळ लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. मी लखनौला मामाकडे आले आणि विद्यापीठातल्या नोकरीच्या फॉर्मवर त्यांच्या नावाआधी 'स्वर्गीय' लिहून मोकळी झाले. आम्ही बौद्ध, आम्हाला स्वर्ग कुठला! पण लिहिलं खरं.

इम्युनॉलॉजीचा, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्राचा, विभाग तेव्हा नवाच होता. दोन खोल्या, रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं, खडखडणारं सेंट्रीफ्यूज आणि विभागप्रमुख मॅडम. रोग्यासोबत एका घरात राहूनही काहींना महारोग होत नाही, त्यांच्या शरीरात असं काय असतं, हे शोधायला त्यांनी तो उभारला होता. तुलनेला रोग्याचा कधीच सहवास नसलेल्यांचं रक्त लागे. ते आणायचं कुठून? म्हणून नवा माणूस रुजू झाला, की पहिल्याच दिवशी बाही वर! तशी रीतच होती. मीही हसत हात पुढे केला.

माझ्या रक्ताने सगळी तपासणी बिघडवली. माझाच आकडा दर वेळी इतरांहून वेगळा. मॅडमना वाटलं, आपली पद्धतच चुकली. कित्येक महिन्यांचं काम रद्द करायला निघाल्या. बोलावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पिताजी ज़िंदा हैं? तो यहाँ क्यों नहीं हैं?"

रक्ताचं त्यांनी नंतर विचारलं.

बाबा आले. एकोणीसशे ऐंशीनंतर नवी औषधं मिळाली, रोग गेला, बोटं तेवढी वाकडीच राहिली. लखनौतल्याच अलीगंजच्या आमच्या दोन खोल्यांत ते नऊ वर्षं राहिले.

गावाकडच्यांनो, तुम्ही पत्रातून विचारता, आता रिटायर झालीस, घरी कधी येतेस? तिकडची ज्वारीची भाकरी आठवली की अजून जीव कासावीस होतो. पण त्या घरात बाबांचं ताट कोपऱ्यात, वेगळं मांडलेलं असायचं, आणि ते मीच मांडायची. अलीगंजला माझा धाकटा मुलगा त्यांच्या मांडीवर बसे, "नानाजी, एक कौर और" म्हणे, आणि बाबा त्या वाकड्या बोटांनी त्याला भरवत. मला घर म्हणजे तेच.