मेलेल्याला जित्याचं तोंड

रिक्षात बारा वर्षं एकच गिऱ्हाईक बसवलं की किस्से सीटखालच्या चिंध्यांसारखे साचतात. एक ओढावा तर दुसरा अडकून येतो. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन बघायचं असेल त्यानं दुसरीकडं जावं.

गिऱ्हाईक म्हणजे मार्ताबाई. मूळची हंगेरीची, आता सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहते. चित्रं काढते, जुनी कन्नड अक्षरं वाचते आणि वीरगळ बघत गावोगाव हिंडते. वीरगळ म्हणजे लढून मेलेल्याच्या नावाचा दगड. झिजून त्यावरची तोंडं पार गुळगुळीत झालेली असतात. बाई कॅनव्हासवर दगड उतरवते आणि मेलेल्याला त्याच गावातल्या जित्या माणसाचं तोंड बसवते. म्हणते, "मामा, पिढ्या बदलतात, नाक तेच राहतं."

नसता उद्योग.

*

पहिल्याच वर्षी करकंबच्या बाजूचा एक गुरव तिच्यासमोर बसला. चित्र झालं, महिन्यात गेला. मी म्हटलं, दमा होता.

मग अक्कलकोटकडचा पैलवान बसला. आठ दिवसांत विहिरीवर पाय घसरून गेला. त्याला दमा नव्हता.

*

बातमी माझ्या रिक्षापेक्षा जोरात पळाली. पुढं एका गावात शिरलो, तर पारावरची माणसं पटापट तोंडाला टॉवेल बांधायला लागली. सरपंच करोनातला मास्क लावून आला. म्हणाला, "बाई, च्या घ्या. पर वर बघू नगा."

*

एकच म्हातारी आपणहून आली. नव्वदीची. "माजं काड गं बाई. सुटंन तरी." बाईनं तिचं तोंड वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरेला दिलं. म्हातारी अजून जित्ती आहे. रिक्षा दिसली की उंबऱ्यावरून ओरडते, "रंग भेसळीचा हाय तुजा!"

*

हसा तुम्ही. मी लई भ्यालो होतो. पैलवानाच्या मयतीहून आलो आणि रिक्षातला आरसा छताकडं फिरवला. तेव्हापासून बाईशी बोललो ते पाठमोरा. तिच्या घरी चहासुद्धा घेतला नाही. कप हातात असला की माणूस एका जागी बसतो.

गेल्या महिन्यात तिनं घर बदललं. चित्रं जिन्यावरून खाली आणायला मीच. एकावरचं कापड निसटलं. घोड्याखाली आडवा पडलेला वीर, आणि तोंड माझं. मिशीसकट.

"हे कधी काढलं?"

"सगळ्यात पहिलं. स्टेशनवरून तुम्ही मला आणलं ना, तेव्हा मी तुमचं तोंड आरशात बघत होते."

मिशीच्या खाली नुसता कोरा कॅनव्हास होता.

"मग अर्धंच का ठेवलं?"

"आरशात हनुवटी दिसत नव्हती." बाईनं पिशवीतून पेन्सिल काढली. "जरा इकडे वळा ना, मामा."