लुबान, जाकीट आणि अठरा पावलं

सदा परब गेल्याचा फोन आला, तेव्हा मी ओमानमधल्या बौशरच्या एका मॉलमध्ये बिलाच्या रांगेत उभा होतो. फोन सुनंदावहिनींचाच होता. त्या रडत नव्हत्या. "भाऊजी, हे गेले. येताना ह्यांच्या पासपोर्टच्या कॉप्या काढून आणाल का? फोटो पाठवलाय," म्हणाल्या. इथे परदेशात माणूस गेला की आधी कागद लागतात, रडणं मागाहून. मी ट्रॉली तिथेच सोडली आणि कॉप्या काढायला गेलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

सदा कुडाळकडचा, मी पुण्याचा. रुसैलच्या एकाच कारखान्यात आम्ही सतरा वर्षं काढली, तो टूलरूममध्ये आणि मी तपासणी विभागात. म्हणजे त्यानं बनवायचं आणि मी खोट काढायची. दोघांची घरं सीबला, त्यामुळे जाणं-येणंही एकाच गाडीतून. तो माझ्या भाषेला "रेडिओवरच्या बातम्या" म्हणायचा आणि मी त्याच्या मालवणीतलं अर्धं न समजताही मान डोलवायचो. हट्टी माणूस. एखादा भाग केसभर जाड राहिला असं मी म्हटलं की तो आधी मला शिव्या घालायचा, मग पुन्हा मोजायचा आणि मग न बोलता नवा बनवून आणायचा.

धनुष्याचं वेड त्याला इश्त्वाननं लावलं. इश्त्वान हंगेरीचा, नवं मशीन बसवायला आला आणि वर्षभर राहिला. जेवणाच्या सुट्टीत तो तिकडच्या जंगलांच्या गोष्टी सांगायचा. ओक झाडांची पानं तांबूस झाली की तिथे परवाना काढून धनुष्यबाणानं हरणाची शिकार करतात, आठ-आठ तास झाडावर हलायचं नाही, वगैरे. जाताना त्यानं आपलं जुनं लाकडी धनुष्य सदाला देऊन टाकलं. झालं! दर शुक्रवारी सकाळी बरक्याकडच्या एका ओळखीच्या खजुरीच्या मळ्यात आमची वारी सुरू. पॅकिंगच्या फोमचा गठ्ठा भिंतीला टेकवायचा, त्यावर चहाच्या बशीएवढं वर्तुळ काढायचं आणि वीस पावलांवरून बाण. माझं काम बाण उपटून आणायचं. दोरीनं बोटं सोलू नयेत म्हणून सदानं वेल्डिंगच्या जुन्या हातमोज्याचं चामडं कापून स्वतः बोटावरण शिवलं होतं. त्याचा नियम एकच होता. दहातले दहा बाण बशीत गेले तरच जनावरासमोर उभं राहायचं. "नऊ गेले तर दहावा खंय जातलो? त्याच्या पोटात. आणि ता चार दिवस जंगलात मरत फिरतला," असं तो म्हणायचा. आयुष्यभर मटण-मासे खाल्ले, पण मारायचं काम कायम दुसऱ्यानंच केलं, हे त्याला खटकत होतं. मी अंडंही न खाणारा माणूस. पण त्याचं म्हणणं मला पटायचं.

तीन वर्षं असे बाण मारल्यावर इश्त्वानचं बोलावणं आलं. ऑक्टोबरमधला एक आठवडा. एकट्याला पाठवायला वहिनी तयार नव्हत्या, म्हणून मीही निघालो. विमानतळावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्यावर लक्ष ठेवा. हे स्वतःचं काही सांगत नाहीत." मी हो म्हटलं.

तिथली परीक्षा, परवाना, सगळं रीतसर झालं. मचाण दोघांपुरतं होतं, ओकच्या झाडावर. पहाटे अंधारात चढायचं आणि तोंडातून वाफ काढत बसायचं. वर्षानुवर्षं एसी आणि ऊन यांत काढलेल्या आम्हा दोघांची दातखीळ बसली. हरणं येत होती, नाही असं नाही. पण पन्नास-साठ पावलांवर थबकायची, नाक वर करायची, पाय आपटायची आणि पसार. तीन दिवस हेच. तिसऱ्या संध्याकाळी इश्त्वाननं खुंटीवरचं सदाचं जाकीट नाकाला लावलं आणि म्हणाला, "हा तर चर्चचा वास!"

सदानं कपाळावर हात मारला. सीबला शेजारच्या ओमानी बाईंकडून वहिनी एक गोष्ट शिकल्या होत्या. दर गुरुवारी संध्याकाळी निखाऱ्यावर लुबान, म्हणजे चर्चमध्येही जाळतात तो सुगंधी डिंक, घालायचा, वर लाकडी तिवई ठेवायची आणि घरातले धुतलेले कपडे एकेक करून तिच्यावर पसरून त्या धुपात मुरवायचे. नवरा परदेशात निघालाय म्हटल्यावर त्यांनी ते जाकीट दोनदा मुरवलं होतं. माणसाच्या नुसत्या घामालाही पळणारी ती जनावरं, आणि हा गृहस्थ देवघरासारखा दरवळत झाडावर बसलेला! आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मग सगळे कपडे नुसत्या पाण्यात धुतले आणि दोन रात्री पाल्यात गाडून ठेवले.

शेवटच्या सकाळी नर आला. रुंद शिंगांचा, अंगावर ठिपके असलेला. त्यानं नाक वर केलं नाही. सरळ आमच्या झाडाखाली आला आणि ओकची फळं खाऊ लागला. मी मनात पावलं मोजली, अठरा. सदा उभा राहिला, धनुष्य उचललं, दोरी निम्मी ओढली… आणि त्याचा डावा हात थरथरू लागला. थंडीचं थरथरणं नव्हतं ते, मला समजलं. त्यानं दोरी हळूच सैल केली, श्वास घेतला, पुन्हा ओढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं ओढलीच नाही. बाण भात्यात ठेवला आणि खाली बसला. ते हरीण आणखी दहा मिनिटं निवांत खात होतं.

"माजो हात ऐकत नाय रे," तो खूप वेळानं म्हणाला. "चार महिने झाले." मग माझ्याकडे न बघता, "सुनंदाक सांगू नको. लुबानाचाच नाव र्‍हवांदे."

मी ते राहू दिलं. दिवाळीला मंडळात सदानं लुबानाची गोष्ट रंगवून सांगितली, लोक हसून लोळले, वहिनीही हसल्या. पण त्यानंतरच्या गुरुवारपासून त्यांनी त्याचे कपडे मुरवणं बंद केलं. आठ महिन्यांनी त्याच्या हातून चहाचा कप सुटला, तेव्हा कुठे तो डॉक्टरकडे गेला. मज्जातंतूंचा आजार निघाला. आधी आला असतात तरी फारसा फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचं ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलंय. सदा टूलरूममधून स्टोअरच्या टेबलावर गेला, तिथून घरी, तिथून पलंगावर. तो हट्टी होता हे खरं, पण मी भित्रा होतो हेही तितकंच खरं.

वहिनी आता गावी परत चालल्या आहेत. मागच्या गुरुवारी घर आवरायला मदत म्हणून गेलो. धनुष्य भिंतीला टेकवलेलं होतं, चामड्याचं ते बोटावरण त्याच्याच टोकाला अडकवलेलं. पलंगावर त्याचे शर्ट आणि ते जाकीट. वहिनींनी जाकिटाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"भाऊजी, एक विचारू? माझ्या लुबानामुळेच गेलं ना त्यांचं हरीण? तीन वर्षं मेहनत केली होती हो त्यांनी. एवढं एकच मागितलं होतं स्वतःसाठी."

दोन वर्षं ही बाई हे मनात घेऊन त्याचं सगळं करत होती, अंघोळ, भरवणं, कूस बदलणं. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि सगळं सांगून टाकलं. नर, अठरा पावलं, तीनदा उचललेलं धनुष्य, त्याचं वाक्य, सगळं.

त्यांनी जाकिटाची घडी पुन्हा मोडली.

"म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हालाही." मग शांतपणे, "मी तुम्हाला लक्ष ठेवा म्हटलं होतं."

 

वहिनी आत गेल्या. मला वाटलं, आता आपण निघावं. पण त्या बांधून ठेवलेल्या खोक्यातून तिवई काढून घेऊन आल्या. निखारे केले, मूठभर लुबान टाकला, तिवईवर जाकीट पसरलं. धूर बाह्यांतून वर येऊ लागला.

"पळू देत आता हरणं," त्या म्हणाल्या. "कुठे पळायचंय तिथे पळू देत."

आणि त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी पलंगावरचा पहिला शर्ट उचलून त्यांच्या हातात दिला.