‘यूझ्ड टू’ची चूक

सयाजीगंजातल्या इंग्रजीच्या क्लासात शिकवणाऱ्या शालिनी मोहित्यांचं एका चुकीशी हाडवैर होतं. बडोद्यातला चांगला शिकलासवरलेला माणूसही रोजच्या सवयीबद्दल लिहिताना हमखास ‘यूझ्ड टू’ घुसडणार. ‘माय फादर यूझ्ड टू ड्रिंक टी’ असं कुणी लिहिलं की बाई चष्म्यावरून बघत गुजरातीत विचारत, “केम, पप्पाए चा छोडी दीधी?” वर्ग खिदळायचा. मग बाई समजावत, जे पूर्वी व्हायचं आणि आता होत नाही, त्यालाच ‘यूझ्ड टू’. पप्पा अजून चहा पितात ना? मग सरळ ‘ड्रिंक्स’ लिहा.

पोटची लेक मृदुलाही त्यातलीच. ती लग्न होऊन मुंबईला गेली, पण खोड काही गेली नाही.

गेल्या वर्षी बाईंचे यजमान विश्वंभरराव पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. रिफायनरीतून निवृत्त झालेला, भारी बोलघेवडा माणूस. आता भरवलं तर खायचे, एरवी छताकडे बघत पडून असायचे. बाई त्यांचं सगळं करून क्लासही घेत. कुणी विचारलंच तर म्हणत, “सुधारतील हळूहळू.”

मृदुलाने मुंबईतल्या एका मोठ्या डॉक्टरांना गाठलं. पुढच्या उपचारांचा काही उपयोग आहे का, हे सांगण्याआधी त्यांना सगळी हकिगत लेखी हवी होती. मृदुलाने ती इंग्रजीत लिहून आईला पाठवली आणि फोन केला, “आई, चुका काढ हं. मग पुढे पाठवते.”

बडोद्यातल्या गोत्री भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये बाई मोबाइल घेऊन बसल्या. बाबा यूझ्ड टू सिंग. यूझ्ड टू रीड द पेपर अलाउड. यूझ्ड टू कॉल मी एव्हरी संडे.

बाईंचे हात शिवशिवले. पहिलं ‘यूझ्ड टू’ खोडून त्यांनी ‘सिंग्ज’ केलं आणि पलंगाकडे पाहिलं. विश्वंभरराव छताकडे बघत होते. ‘सिंग्ज’ हे धडधडीत खोटं होतं, आणि खोटं वाचून डॉक्टर तरी काय सांगणार? बाईंनी ते होतं तसं करून ठेवलं. पुढची वाक्यंही तपासली. आता रडू येईल म्हणून त्या जरा थांबल्या, पण आलं नाही. त्यांनी उठून नवऱ्याला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं आणि मृदुलाला फोन लावला.

“खूप चुका निघाल्या का गं?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “या वेळी एकही नाही.”