मेतवल्ली शिंप्याचे ड्रॉवर

आमच्या दमियातमध्ये दर दुसरं घर सुताराचं. अशा गावात मेतवल्ली शिंप्याला स्वयंपाकघरातली कपाटं स्वतःच्या हातानं करायची हुक्की आली. सख्खा मेव्हणा शहाता नावाजलेला सुतार, करून द्यायला तयार. पण मेतवल्ली म्हणाला, "त्याला मेव्हणा म्हणून सोसतोय तेवढं पुरे!"

सांगाडा झाला, दारं लागली, ड्रॉवर काही बसेनात. ओट्याखाली तीन भोकं आ वासून बसलेली आणि चमचे बादलीत. त्याच्या बायकोनं, इन्शिराहनं, अख्खा रमजान तसाच काढला आणि ईद होताच बोचकं बांधलं.

"मनधरणीला गल्लीतले म्हातारे पाठवू नका," ती दारातून म्हणाली. "ड्रॉवर बसले की निरोप धाडा. नाही बसले, तर भावाकडे मी मजेत आहे."

मेतवल्लीचं दुखणं त्याच्या धंद्यातच होतं. जन्मभर कापड कापताना शिलाईला दोन बोटं जास्त सोडायची. गिऱ्हाईक सुटलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. पठ्ठ्यानं लाकूडही तसंच कापलं! ड्रॉवर भोकापेक्षा रुंद.

मी त्याच्या खालीच राहतो. वर जाऊन म्हटलं, "अरे शहाण्या, लाकूड काय दुमडून शिवणार आहेस? भोकाचं माप घे, ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या दोन्हीकडच्या चॅनेलची जाडी त्यातून वजा कर, मग काप."

"कळतं रे. पण कमी कापायला हातच धजत नाही."

एका संध्याकाळी तो बादलीशेजारी नुसता बसून होता. "घर खायला उठतंय," म्हणाला. मला वाईट वाटलं. हसूही येत होतं, ते मी जिना उतरेपर्यंत दाबलं.

शेवटी मन घट्ट करून त्यानं कमी कापलं. दोन ड्रॉवर लोण्यासारखे सरकू लागले. तिसरा जरा घासत होता, पण त्याला आता धीर निघेना. निरोप गेला.

मी वर होतोच, तेवढ्यात इन्शिराह आली, मागून शहाता. त्यानं दोन ड्रॉवर उघडझाप करून पाहिले आणि नाइलाजानं म्हणाला, "बरे जमलेत, दाजी." इन्शिराहनं तिसरा ओढला, आत पर्स टाकली आणि कमरेनं असा धक्का दिला की ड्रॉवर आत जाऊन घट्ट बसला. मग हलकेच ओढून पाहिला. हलेना.

शहाताला उकळ्या फुटल्या. "म्हटलं नव्हतं? चल ताई, घरी."

"कशी येऊ? पर्स आत अडकलीय."

"हात्तिच्या! दाजी, पटाशी द्या, आत्ता काढतो."

"तू गप रे! ती निघेपर्यंत मी कुठं हलत नाही," असं म्हणून तिनं चहाचं आधण ठेवलं.

मेतवल्ली तिच्याकडे बघतच राहिला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "पटाशी ना? ती कालच यानं नेली."

मी जन्मात पटाशी हातात धरलेली नाही.

"हो," मी म्हणालो, "आणि हरवली."