फटफटी शेण देत नाही

तमाम लहानथोरांस, आणि भाड्याच्या घरात राहण्याचा योग ज्यांच्या पत्रिकेत आहे अशा सर्व जीवांस, दवंडी पिटून कळवण्यात येते की, अंगणात उभ्या राहणाऱ्या वाहनाने काही दिले नाही तर ते वाहनाच्या मालकाने द्यावे, असा कायदा शिरूर गावी एके काळी अमलात होता. तो कुठल्या सरकारी पुस्तकात नव्हता. तो माझ्या घरमालकिणीच्या जिभेवर होता. त्याविरुद्ध मी दिलेल्या लढ्याची दखल इतिहासाने घेतली नाही. आठवडी बाजाराने मात्र घेतली.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. शिरूरला तालुक्याच्या कचेरीत मी नवा कारकून होतो. खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकिणीने, म्हणजे मावशींनी, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, मंडळी कुठं असतात? मी म्हणालो, माहेरी, खुटबावला. तेव्हा ते खरंच होतं. पुढे थोड्याच दिवसांत बायकोला दौंडला शाळेत मास्तरणीची जागा मिळाली आणि आमच्या दीड वर्षाच्या मुलीला घेऊन ती तिथे तिच्या बहिणीकडे राहायला गेली. ही बातमी मावशींच्या कानावर घालावी असं काही मला सुचलं नाही. घरमालकिणीला भाडं द्यायचं असतं, बातम्या नव्हे, असं माझं मत होतं.

बायको समजूतदार होती, तिची काळजी नव्हती. काळजी मुलीची. ती मला विसरत होती. दर शनिवारी दौंडला पोचलो की ती आईच्या पदराआड जायची आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघायची, जसं वसुलीला आलेल्या माणसाकडे बघावं. रविवारी दुपारपर्यंत कशीबशी मांडीवर यायची, आणि तेवढ्यात माझी निघायची वेळ व्हायची. एखादा शनिवार हुकला की पुन्हा पहिल्यापासून ओळख. दौंडची एस.टी. आमची कचेरी सुटायच्या आधीच निघून जायची, म्हणून मी जुनी फटफटी घेतली होती. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो की तडक खोलीवर यायचं, दाढी घोटायची, डोक्याला वासाचं तेल, अंगात इस्त्रीचा शर्ट, ओल्या फडक्यात गुंडाळलेला गजरा हँडलला अडकवायचा आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागायचं. दौंड येईपर्यंत शर्टाचा आणि रस्त्याचा रंग एक झालेला असायचा, पण निघताना मी राजबिंडा असायचो. मावशी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत हा सगळा थाट पाहायच्या. काही बोलायच्या नाहीत.

आणि एका सोमवारी बोलल्या. आजपासून फटफटी उभी करायचं भाडं निराळं पडेल. त्यांनी सांगितलेल्या आकड्यात माझं दौंडला एकदा जाऊन येण्याचं पेट्रोल होत होतं. म्हणजे महिन्यातला एक शनिवार मावशींच्या घशात.

मी बाह्या सरसावल्या. म्हणालो, बाजाराच्या दिवशी न्हावऱ्याच्या शेतकऱ्यांच्या बैलगाड्या याच अंगणात सुटतात. दिवसभर उभ्या असतात. त्यांच्याकडून छदाम घेत नाही, मग मी काय घोडं मारलं?

"बैल शेन देत्यात," मावशी म्हणाल्या. "रॉकेल मिळंना झालंय, माझी चूल गवऱ्यांवर चालती. तुमची फटफटी काय देती?"

फटफटी काय देते ते दोघांनाही दिसत होतं. लिंबाखाली काळ्या तेलाचं डबकं साचलं होतं.

कायद्याचा मुद्दा पडला, तेव्हा मी भावनेला हात घातला. मावशी, म्हणालो, दौंडला गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. मावशींनी ओठ आवळले. म्हणालो, आठवडाभर सगळा जीव तिथेच अडकलेला असतो. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिथे माझी वाट बघणारं माणूस आहे हो, असं मी हात जोडून म्हणालो, तेव्हा त्या उठूनच आत गेल्या. इतकं पाषाणहृदय मी पाहिलं नव्हतं.

मी पैसे दिले नाहीत. तर शनिवारी कचेरीतून येतो तो काय, विहिरीच्या रहाटाची साखळी चाकातून ओवून लिंबाला बांधलेली आणि तिला हे एवढं कुलूप. कोंडवाड्यातलं जनावर पैसे भरल्याशिवाय सुटत नाही, तसंच हे, असं मावशींनी आतूनच सांगितलं. तो शनिवार गेला. पुढचाही गेला. मला बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. खोलीत फेऱ्या मारून जमीन उकरली जायची वेळ आली. मग अंगणात जायचो, बांधलेल्या फटफटीवर बसायचो, आणि मनातल्या मनात न्हावरं ओलांडायचो. दौंडच्या दारात मुलगी मला बघून आत पळायची. की लगेच उतरून पुन्हा फेऱ्या.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी कसल्याशा सणाची सुट्टी आली. अंगणात गाड्या सुटल्या. न्हावऱ्याचे आप्पा तंबाखू मळत बसले होते, त्यांना मी सगळी फिर्याद ऐकवली आणि घटकाभर एक बैल मागितला.

"कशाला वो?"

"माझ्या गाडीला बांधायचाय. बैल असला म्हणजे ती बैलगाडी."

आप्पांनी तंबाखू गालात सारली. "डावा न्या. उजवा गुणाचा हाय, पर त्याला मान्सांची लाज वाटती."

तर मी डावा बैल आणला आणि फटफटीच्या हँडलला दाव्याने बांधला. बाजारकरी डोक्यावरची पाटी न उतरवता थांबले. बैल माझ्या बाजूचा होता, त्याने वेळेवर शेण टाकलं. मी मावशींना पाचारण केलं आणि छाती काढून म्हणालो, ही घ्या माझी गाडी, हा माझा बैल, हे भाडं. कुलूप काढा. बघ्यांत खसखस पिकली. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, जराही ढळल्या नाहीत.

"बैल आप्पाचा," त्या म्हणाल्या. "मंग शेनबी आप्पाचं. तुमचं त्यात काय?"

माझी छाती आत गेली. या युक्तिवादाचं उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे. आजतागायत सापडलेलं नाही.

तेवढ्यात बघे बाजूला झाले आणि अंगणात माझी बायको आली, धुळीने माखलेली, कडेवर मुलगी. तिच्याही शाळेला सुट्टी. दोन शनिवार नवरा आला नाही, म्हणून सकाळची एस.टी. पकडून थेट आली होती. हे काय चाललंय, असं तिने डोळ्यांनीच विचारलं. मुलीने मात्र फटफटीला बांधलेला बैल पाहिला आणि खदखदून हसत कडेवरून खाली उतरली. दुडुदुडु थेट बैलाकडे. बैलाने फुरकन नाक फेंदारलं. पोर दचकली, गर्रकन वळली आणि जो पहिला पाय हाताशी आला त्याला तिने मिठी मारली. तो माझा होता. वर बघितलं, मला ओळखलं, आणि तरीही सोडला नाही. मी तिला उचलून घेतलं. तिने माझ्या शर्टाची कॉलर मुठीत धरली.

मावशी तिच्या नाकाकडे बघत होत्या, मग माझ्या नाकाकडे. मग बायकोच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे.

"तू कुठं ऱ्हातीस गं?"

"दौंडला. शाळेत शिकवते."

"आन् खुटबाव?"

"ते माहेर माझं."

मावशींनी कनवटीची किल्ली काढली. खाली बसल्या, कुलूप उघडलं, साखळी ओढून काढली. मग तिथेच मातीत बसकण मारून, भर बाजारासमोर, माझ्या बायकोकडे बघत म्हणाल्या,

"आन् मी येडी म्हनते, बायकू खुटबावात, मंग ह्यो मुडदा दौंडात कुनासाठी गजरं नेतोय? म्हनून तर गाडीला भाडं लावलं."