भोक आहे तसं आणा

रफूवाल्या बाईंच्या दुकानात शिरायचं तर बोलणी खायची तयारी ठेवून शिरावं लागे. गिऱ्हाईक कितीही तालेवार असो, त्यानं कपडा टेबलावर पसरला की बाई भिंग उचलायच्या, भोकावर धरायच्या आणि विचारायच्या, "याला आधी हात कोणी लावला?"

कोणी ना कोणी लावलेलाच असे. फाटका कपडा दुसऱ्याला दाखवायची लाज वाटते, म्हणून कोणी घाईघाईत चार टाके घातलेले असत, कोणी आतून चिकटपट्टी डकवून वर इस्त्री फिरवलेली असे. हे दिसलं की बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला जाई. "माझ्याकडेच आणायचं होतं ना? मग झाकलंत कशाला? आता आधी तुमचं झाकणं उसवायचं, त्यात कडेचे धागे तुटणार आणि एवढंसं होतं ते एवढं होणार. भोक आहे तसं आणा. ते बघायलाच मी इथे बसलेय." गिऱ्हाईक निमूट ऐकून घेई. कारण एकदा बाईंनी रफू केलं की ती जागा कोटाच्या मालकालासुद्धा शोधून सापडत नसे. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून त्या धागा काढायच्या आणि भोकाच्या जागी एक वर, एक खाली असं करत पुन्हा कापड विणायच्या. मग कपडा उलटा करून पाठ बघायच्या. पाठ साफ नसेल तर सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून.

घरात त्यांना थोरली म्हणत, कारण एक धाकटी होती. धाकटी म्हणजे त्यांची जाऊ. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक पडदा, एवढाच त्यांचा पसारा. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि धाकटीचा जहाजावर, म्हणजे असून नसल्यासारखा. दोघींची भांडणं रोजची, पण तिसऱ्यानं त्यात तोंड घातलं तर दोघी मिळून त्यालाच फाडून खायच्या.

रफू थोरलीला सासऱ्यांनी शिकवलं होतं. रफूगाराचं काम दिसता कामा नये, हे त्यांनी तिच्या मनावर असं काही बिंबवलं की तिनं ते कपड्यापुरतं ठेवलंच नाही. नवरा गेला तेव्हा दुकान जेमतेम काही दिवस बंद राहिलं. सांत्वनाला आलेल्या बायकांना हिनंच विचारलं, की तुमच्या बाहीचं बटण लोंबतंय, लावून देऊ का? त्या बायका बाहेर पडताना म्हणाल्या, काळीज दगडाचं आहे. धाकटीला तेव्हाही माहीत होतं की ते दगडाचं नाही. पडद्याच्या आतल्या बाजूला तीच होती.

संधिवात थोरलीच्या अंगात शिरला तो असाच गुपचूप. आधी मनगटं, मग बोटांची पेरं. मोठ्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. उजव्या हाताची करंगळी तेवढी एकदा सुजली ती वाकडी होऊनच राहिली. तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, "दुखणं असं उसळलं की थांबायचं नाही. सूज आत राहिली तर सांधा खाते आणि एकदा खाल्लेला सांधा परत येत नाही." थोरलीनं मान डोलावली होती. मान डोलवण्यात ती पटाईत होती.

आणि या खेपेला उसळलं ते दोन्ही हातांत. बोटं अशी फुगली की मूठ वळेना. सकाळी तर हात म्हणजे नुसते दोन हातमोजे, आत कोणी नसल्यासारखे. धाकटी तिची बटणं लावून देई, वेणी घालून देई, नळ सोडून देई. थोरली मात्र वेळेवर दुकान उघडून खिडकीपाशी बसे, येईल तो कपडा घेई आणि म्हणे, "पुढच्या आठवड्यात या." कपड्यांची चळत टेबलापेक्षा उंच झाली. मोठ्या डॉक्टरांकडची तारीख होती दोन महिन्यांनंतरची. दोन महिन्यांत या बोटांचं काय होईल, हे त्या वाकड्या करंगळीकडे बघून कोणालाही कळलं असतं.

"ताई, फोन करा. तारीख अलीकडे घ्या," धाकटी म्हणाली.

"करते."

"आत्ता करा."

थोरलीनं केला. धाकटी पडद्याआडून कान देऊन ऐकत होती.

"नमस्कार! मी रफूवाली. कशा आहात तुम्ही? ... मी होय? तशी बरी आहे. जरा बोटं कुरकुरतायत, एवढंच. तारीख जमली तर अलीकडे... नाही, नाही, घाई काही नाही. तुमच्याकडे गर्दी असणारच. बरं, बरं. काळजी घ्या हं."

फोन ठेवून ती म्हणाली, "विचारलं. नाही म्हणाल्या."

"विचारलंत?" धाकटीनं कपाळाला हात लावला. "तुम्ही त्यांची ख्यालीखुशाली विचारलीत! जरा कुरकुरतायत म्हणे. सकाळपासून चहाचा कप उचलता आलेला नाही तुम्हाला!"

"मग काय गळा काढू? त्यांना काय आपण एकट्याच आहोत?"

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. तारीख एवढी लांबची का, तेही धाकटीला ठाऊक होतं. मागच्या वेळी दवाखान्यात जाताना या बाईनं निघायच्या आधी दुखण्यावरची गोळी घेतली होती, परीटघडीचे कपडे घातले होते आणि बाह्या मनगटाच्याही खालपर्यंत ओढून घेतल्या होत्या. डॉक्टरांपुढे नीटनेटकं जायला नको? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "छान आहे" म्हणाली. डॉक्टरही खूश झाले आणि पुढची तारीख लांबची दिली. त्यांची तरी काय चूक?

दोन दिवसांनी दुकानात एक बाई आली. हातात गडद निळा कोट होता, आईचा, असं म्हणाली. कोपराला भोक होतं आणि तिनं त्यावर गोंद लावून मागून कापडाचा तुकडा चिकटवला होता. थोरलीला भिंग उचलवेना, म्हणून ती नुसतीच वाकली आणि तिला ते लगेच दिसलं.

"हे काय केलंत?"

"वाईट दिसत होतं हो," बाई ओशाळून म्हणाली.

"वाईट आहे म्हणूनच आणलंत ना? मला काय चांगलं दाखवायला आणता? गोंद काढताना आता निम्मे धागे जाणार. आधीच आणलं असतंत आणि होतं तसं दाखवलं असतंत तर..."

पडद्याजवळ धाकटी हात पुसत उभी होती. कोटवाली बाई कोट ठेवून गेली. मग तिनं दाराला कडी घातली, दवाखान्याचा नंबर लावला, फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि टेबलावर थोरलीच्या समोर ठेवला.

"हे काय?"

"भोक," धाकटी म्हणाली. "आहे तसं."

थोरलीनं तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर तिथून पळालीच असती. तेवढ्यात पलीकडून फोनवरल्या मुलीचा आवाज आला. थोरली म्हणाली, "नमस्कार, मी रफूवाली. कशा..." आणि थांबली. धाकटी हलली नाही. थोरलीची नजर त्या गोंद लावलेल्या कोटावर गेली.

मग ती बोलू लागली. रडली नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. गिऱ्हाइकाला कपड्याची अवस्था समजावून सांगावी तसं एकेक सांगत गेली.

"परवा मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी बरी नाही. सकाळी उठल्यापासून दुपार होईपर्यंत माझी मूठ वळत नाही. दोन्ही हात सुजलेत, गरम लागतात. बटणं जाऊ लावते, वेणी जाऊ घालते. काल पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला तरी निसटला. झोप अशी लागतच नाही. मागच्या वेळी आले तेव्हा मी गोळी घेऊन आले होते, म्हणून बरी दिसले. आणि..." इथे ती जरा अडकली. "रोज दार उघडलं की आधी सुई हातात धरून बघते. धरता येत नाही."

हे शेवटचं धाकटीलाही माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, थोरली नुसती हट्टानं खिडकीत बसते. रोज सकाळी एकटी बसून ती हे करत होती, आणि मग "पुढच्या आठवड्यात या" म्हणत होती.

पलीकडच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, हे परवाच का नाही सांगितलंत? थांबा, डॉक्टरांना विचारते." परत आली तेव्हा तिचा सूरच बदलला होता. "कोणी आयत्या वेळी येणार नसेल तर ती वेळ तुम्हाला देते, पण लगेच निघावं लागेल. जमेल?"

"जमेल," थोरली म्हणाली. धाकटीनं आयुष्यात पहिल्यांदा तिला असं ताबडतोब हो म्हणताना ऐकलं.

फोन आला दुसऱ्याच दिवशी, आणि आला तो नेमका वेणी अर्धी झालेली असताना. थोरली म्हणाली, "एवढी वेणी होऊ दे. आणि तो चांगला कुडता काढ."

"काही चांगला-बिंगला नको."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हिच्या हाताला काहीतरी झालंय. तेच तर म्हणायला हवं!"

बाई अर्ध्या वेणीनं, घरातल्याच कुडत्यात टॅक्सीत बसल्या. दुखण्यावरची गोळी धाकटीनं तोवर लपवलीच होती. वाटेत प्रत्येक खड्ड्याला थोरलीनं ओठ चावला आणि दर वेळी धाकटीनं खिडकीतून बाहेर बघितल्यासारखं केलं. स्वतःला तिनं मनातल्या मनात भरपूर शिव्याही घातल्या.

डॉक्टर नेहमीप्रमाणे हसून म्हणाले, "काय, कशा आहात?"

"तशी ब..." थोरलीचे हात आपोआप टेबलाखाली मांडीवर गेले होते. धाकटीनं डोळे मिटून घेतले. एवढं सगळं करून ही बाई आता पुन्हा इस्त्री फिरवणार!

पण थोरली थांबली. तिनं हात वर काढले, कोपरानंच एकेक बाही मागे सारली आणि दोन्ही हात टेबलावरच्या दिव्याखाली पसरले. आधी तळवे वर. मग सावकाश ते उलटे केले, कपड्याची पाठ बघायला उलटावा तसे.

"बघा," ती म्हणाली. "झाकलेलं काही नाही."

डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक सांधा चाचपून बघितला. थोरली जिथे दुखत होतं तिथे "दुखतं" म्हणाली. धाकटीला वाटलं, या बाईनं जन्मभर जे काही निभावलं त्यात हे सगळ्यांत अवघड होतं. ओरडणाऱ्याला ओरडणं सोपं असतं. हिला एक साधं "दुखतं" म्हणायला सगळा जन्म उसवावा लागला, आणि तिनं तो उसवला. डॉक्टरांनी तिथेच मनगटांत इंजेक्शनं दिली, औषध बदललं आणि म्हणाले, "वेळेवर आलात. तारखेपर्यंत थांबला असतात तर ही बोटं मला सरळ मिळाली नसती."

सूज उतरायला दिवस गेले. करंगळी वाकडी होती ती वाकडीच राहिली, पण बाकीची बोटं वळू लागली. आणि एका सकाळी निळ्या कोटाची बाई चौकशीला आली तेव्हा थोरली खिडकीत तिचाच कोट पुढ्यात घेऊन बसली होती. गोंद काढलेला, भोक उघडं, दुमडीतून काढलेला धागा तयार.

थोरलीच्या सुयांना आजवर कोणी हात लावलेला नव्हता. धाकटीनं एकदा नुसती डबी हलवली तर दिवसभर अबोला झाला होता. ती थोरली आता गिऱ्हाइकासमोर, आवाज जराही खाली न आणता म्हणाली, "धाकटे, इकडे ये. सुई चालवता येतेय मला, पण ओवायला जमत नाहीये. ओवून दे."

धाकटी हात पुसत आली. तिनं सुई घेतली, धागा घेतला, उजेडाकडे धरला. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. डोळ्यांसमोर सगळं पाणीच पाणी झालं होतं, त्यात सुईचं नाक कुठलं दिसायला!

"काय झालं गं?" थोरलीनं विचारलं.

"काही नाही. बरी आहे मी."

"पुन्हा सांग," थोरली म्हणाली. "आहे तसं."

मग मात्र धाकटी तिथेच खुर्चीत बसली आणि धाय मोकलून रडली. थोरलीनं आपला दुखरा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि ती रडायची थांबेपर्यंत काढला नाही. सुई शेवटी कोटवाल्या बाईनंच ओवून दिली.