मांडीवरचं मूल मोजणारी बाई

इंदूरला समुद्र नाही, आणि नदीचा विषय निघाला की इंदूरकर पोह्यांबद्दल बोलायला लागतो. पण रविवारी नावेत बसायची त्याची हौस कोकणातल्या माणसालाही नसेल. दुपारची झोप झाली की अख्खं खानदान एका गाडीत कोंबायचं आणि नवलखेडीचा तलाव गाठायचा. या तलावावर कोणती नाव पाण्यात उतरेल आणि कोणती काठावर पालथी पडून राहील, हे ठरवायचं काम दीक्षा इंगळेकडे होतं. निगमच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, तलाव विभागात ती निरीक्षक होती. पलासियातल्या एखाद्या थंडगार कचेरीत बसायचं सोडून ही बाई उन्हातान्हात घाटावर का उभी राहते, हे तिच्या सोबतच्यांना कधी कळलं नाही. तिला आवडायचं म्हणून ती उभी राहायची.

इंगळ्यांचं घर महूचं. आजोबा फौजेत, वडीलही फौजेत. वडील नथू इंगळे हवालदार होऊन निवृत्त झाले आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर लेकीच्या पाठीला वाळका भोपळा बांधून तिला विहिरीत ढकललं. पोरीला पोहणं कशाला, असं लोकांनी विचारलं तरी ते तिला रोज विहिरीवर नेत राहिले. दीक्षा महिन्याभरात भोपळ्याशिवाय पोहायला लागली. पुढे डिप्लोमा झाला, नोकरी लागली, आणि पाण्याच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवायचं नाही हे तिनं मनाशी पक्कं केलं. त्याचा तिला थोडा गर्वही होता, आणि तो ती लपवत नसे.

तलावावरचे नाववाले सगळे तुकोजी जगदाळ्यांच्या शब्दाबाहेर नसत. तुकोजींचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. पूर्वज घोड्यावर आणि वंशज पॅडलच्या बदकावर, हा फरक त्यांना कधी खटकला नाही. मिशा मात्र घोडदळाच्याच ठेवल्या होत्या. दीक्षाचं आणि त्यांचं रोज वाजायचं. जॅकेट फाटलं, वल्ह्याचा खिळा वर आला, मावळतीनंतर नाव पाण्यात दिसली, काही ना काही निघायचंच. तरी चहा एकाच टपरीवर व्हायचा, आणि पैसे कुणी द्यायचे यावरूनही वाजायचं.

मग थंडीतल्या एका रविवारी ती गोष्ट घडली. आठ जणांची वल्ह्याची नाव घाटाकडे परत येत होती. शेजारून एक पॅडलबोट जोरात गेली आणि लाटेनं नाव हलली. हलली एवढंच. मोकळ्या हाताच्या माणसांनी कड धरली; पण मांडीवर मूल असलेल्या तिघी बायका मुलांना वर उचलायला म्हणून स्वतःच उभ्या राहिल्या, आणि नाव उलटली. पाणी कमरेएवढंच, त्यामुळे माणसं खोकत, ओरडत उठली. एक तान्हं मूल मात्र हातातून सुटलं होतं. दीक्षानं अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उडी मारली आणि उलटलेल्या नावेखालून त्याला ओढून काढलं. ते रडलं तेव्हा ती त्याला घेऊन घाटाच्या पायरीवरच बसली.

नंतर मोजणी झाली. तिकिटं आठ होती आणि नाववाला सोडून पाण्यातून माणसं निघाली होती अकरा.

"आठच बसवले होते, खंडोबाची आण," तुकोजी म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता. "बाकी तीन तर गोद के बच्चे होते, मॅडम. गोद के बच्चे को कोण गिनतो?"

ते खोटं बोलत नव्हते. मुलांचे आईबापही खोटं बोलत नव्हते. दीक्षानं स्वतःशी कबूल केलं की घाटावर उभं राहून आपणही आठच मोजले होते. या शहरात बस असो, व्हॅन असो की लग्नाची पंगत, मांडीवरचं मूल कधी कुणी मोजलेलंच नाही. ते आईच्याच अंगाचा भाग असतं. रस्त्यावर हे चालून जातं, पाण्यावर चालत नाही.

त्यातून दीक्षानं नियम काढला. नावेत श्वास घेणारा प्रत्येक जीव एक सवारी, म्हणजे एक प्रवासी. प्रत्येकाला त्याच्या मापाचं जॅकेट. आणि ज्याला जॅकेट बसतच नाही, म्हणजे वर्षाच्या आतलं मूल, त्याला नाव नाही. न पाळणाऱ्याचा परवाना रद्द.

नाववाले खवळले. तुकोजी थेट कचेरीत येऊन यतीन सरांसमोर बसले. हे यतीन सर विभागाचे वरिष्ठ. माणूस सरळ, पण सोमवारच्या वर्तमानपत्राला फार भिणारा.

"साहेब, इंदौर का आदमी अकेला येतो का?" तुकोजी म्हणाले. "आई येते, आजी येते, कडेवर बच्चा येतो. बच्च्याला ना म्हटलं तर पूरी फॅमिली घरी जाईल. आम्ही काय मछली पकडायची?"

यात तथ्य होतं, आणि दीक्षालाही ते ठाऊक होतं. यतीन सरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि निकाल दिला. "एक रविवार बघू. बोभाटा झाला तर सोमवारी नियम मागे घेणार. आणि मॅडम, तुम्ही एकालाही सूट दिलीत तरी मागे. मग उगाच सगळ्या शहराशी वैर कशाला?"

"नाही देणार सूट," दीक्षा म्हणाली. तिला स्वतःबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

बाजारातली लहान जॅकेटं वर्ष-दोन वर्षांच्या मुलांच्याही डोक्यावरून सटकत होती. म्हणून तिनं राजवाड्यामागचा चिंतामण शिंपी गाठला. तो शाळेची दप्तरं शिवायचा. त्यानं फोम घातला, बगलेतून पट्टा काढला, पायांमधून दुसरा काढला आणि चिंध्या-वाळू भरून एक बाहुलंही शिवून दिलं. ते बाहुलं दीक्षा रोज घाटावरून पाण्यात फेकायची. पहिल्यांदा ते तोंडावर पडलं, नंतर कुशीवर. "मॅडम, ह्याचं पण टिकट फाडू का?" तुकोजी टपरीवरून विचारायचे आणि सगळा घाट हसायचा. दीक्षाही हसायची. पट्टा बदलून पुन्हा फेकायची. शेवटी बाहुलं तोंड वर करून तरंगायला लागलं, तेव्हा मात्र तुकोजी खाली आले, पट्टा ओढून पाहिला आणि परत गेले.

रविवार उजाडला. चार वाजता गाड्या लागल्या आणि पहिली अर्धी घटका बरी गेली. मग गळ्यात सोन्याची जाड साखळी घातलेला एक माणूस बायको, आई आणि सहा महिन्यांचं मूल घेऊन आला.

"अरे मॅडम, इत्ता सा तो है. थैले से हल्का."

"वजन की बात नहीं है, भाईसाब. हाथों की है," दीक्षा म्हणाली. "आपके हाथ बच्चे में, तो नाव कौन पकड़ेगा?"

त्याला ते पटलं नाही. तो घाटावरच उभा राहिला आणि मोबाइल काढून चित्रण करू लागला. त्याच्यामागे आणखी दोन-तीन कुटुंबं थांबली. कुणी निगमच्या नावानं बोटं मोडली, कुणी गाडी वळवली. तुकोजींच्या निम्म्या नावा दोराला बांधलेल्या होत्या. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, त्यात राग नव्हता, 'बघा, मी म्हणालो होतो' एवढंच होतं. दीक्षा जागची हलली नाही.

अशा वेळी महूहून एक व्हॅन आली आणि तिच्यातून नथू इंगळे उतरले.

ऐंशी कधीच ओलांडलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पाठ ताठ. मागे सून, नातवंडं, आणि त्यांच्या स्वतःच्या हातात चार महिन्यांचा पणतू ज्ञानदीप, नात मानसीचा मुलगा. लेकीचा नवा नियम लागू होतोय एवढंच त्यांना कळलं होतं. नियम काय, ते विचारायचं राहून गेलं होतं. तिचं काम बघायला म्हणून आले होते. शिवाय पणतूला पाण्यावर पहिल्यांदा आपण न्यायचं, हे ते त्याच्या जन्मापासून घोकत होते. पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं, असंही म्हणत.

"जयभीम, बाबूजी," तुकोजी पुढे झाले. त्यांनी हात धरून म्हाताऱ्याला नावेपर्यंत आणलं. मग दीक्षाकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, घर की बात आहे. मी खुद वल्हवतो. एक चक्कर."

ते मनापासून म्हणत होते, आणि हेच कठीण होतं. साखळीवाल्याचा मोबाइल तिच्याकडे वळला. दीक्षाला हो म्हणायचं होतं. बाबांचेच हात तिला विहिरीतून वर काढणारे होते, आणि बाबा किती दिवसांचे सोबती आहेत हे तिलाही दिसत होतं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "ज्ञानदीप वर्षाचा होईपर्यंत नाही."

"मी धरतो ना त्याला."

"तुम्ही धरलात तरी नाही."

नथूंचा चेहरा लाल झाला. मानसी मध्ये पडायला निघाली, त्यांनी तिला नजरेनं थांबवलं.

"हुकूम आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

म्हातारा वळला आणि बाळाला छातीशी धरून घाटाच्या पायरीवर बसला. "मानसी, तू बस नावेत. चार महिने पोराला सोडून हललेली नाहीस. हा माझ्याजवळ राहील."

मानसी गेली. तलावाच्या मध्यावर पोचली तेव्हा तिचं हसणं काठापर्यंत ऐकू आलं. साखळीवाल्याच्या बायकोनं ते ऐकलं. तिनं नवऱ्याच्या हातातला मोबाइल काढून आपल्या पर्समध्ये टाकला, मूल सासूच्या हाती दिलं आणि सासूला नथूंच्या शेजारी नेऊन बसवलं. "बाबूजी, अम्मा आपके पास बैठी हैं. हम अभी आए," म्हणत ती जॅकेट चढवू लागली. तिच्यामागे आणखी एक आजी आली, मग एक आजोबा. थोड्या वेळात पायरीवर म्हाताऱ्यांची आणि तान्ह्यांची अशी पंगत बसली की दुधाच्या बाटल्यांची अदलाबदल व्हायला लागली. तुकोजींनी तिकिटाच्या खोलीतली आपली स्वतःची खाट बाहेर आणून टाकली आणि तोंडाशी हात धरून ओरडायला लागले, "छोटे बच्चे बाबूजी के पास, जैकेट वाले आगे!" दोर एकेक करून सुटले.

अंधार पडायच्या आत यतीन सरांचा फोन आला.

"बोभाटा?"

"झाला. मिटला."

"सूट किती जणांना?"

"कुणालाच नाही, सर."

"मग राहू द्या नियम," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दीक्षा व्हॅनपाशी गेली तेव्हा नथू खिडकीजवळ बसले होते. मांडीवर ज्ञानदीप झोपला होता.

"रागावलात?"

"नाही म्हणालीस ते बरोबर केलंस," ते म्हणाले. "पण म्हणताना तुझा आवाज हलला."

"बाप आहात तुम्ही माझे."

"घरी. घाटावर मी सवारी."

दीक्षा हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. निगमचं ओळखपत्र गळ्यात, नाववाले बघतायत, तरी तिनं ते अडवलं नाही. नथूंनी खिडकीतून हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला.

"पुढच्या रविवारी लवकर येतो," ते म्हणाले. "तुझ्या तुकोजीला सांग, खाट सावलीत टाक म्हणावं. पोरांना ऊन लागतं."